काड्या सगळ्यात शेवटी खोच

लातूर, रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मेसच्या मावशींच्या लेकीचा वाढदिवस शनिवारी आहे, तिला चॉकलेटचे लॉलीपॉप खोचलेला केक हवाय आणि तो तू करणार आहेस, हे ऐकल्यापासून माझं चित्त दुसऱ्या कशात लागेना. फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जातं, म्हणून लिहितेय. पप्पांनी काल गंजगोलाईतून साचा आणि कागदी काड्यांचं पाकीट आणलंय. तुझ्या मावसभावाबरोबर पाठवते. कमी पडलं तर तिथे पुण्यात बोहरी आळीत विचार.

केकचं फार टेन्शन घेऊ नकोस. दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळून घे. एक वाटी पाणी, एक तृतीयांश वाटी तेल आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून गुठळ्या मोडेपर्यंतच हलव. अंडं नको, दूधही नको. व्हिनेगर पडलं की सोडा लगेच फसफसायला लागतो, म्हणून मिश्रण ठेवून देऊ नकोस, डबा आधीच तेल लावून तयार असू दे. ओव्हन नाहीच, तर मेसमधलं जाड बुडाचं मोठं पातेलं घे, तळाला मीठ पसर, वर स्टँड ठेव आणि झाकून दहा मिनिटं तापव. मग सात इंची डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उघडून बघू नकोस. सुरी कोरडी निघाली की झालं.

आता लॉलीपॉप. यात घाई चालत नाही. डार्क कंपाउंड चॉकलेटची दोनशे ग्रॅमची लादी बारीक चिरून घे. अस्सल चॉकलेटात कोको बटर असतं, ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर तोंडात विरघळतं. ते नीट गोठवायला तापमान सांभाळत बसावं लागतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे ती कटकट नाही. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळायला ठेव, वर अगदी कोरडा काचेचा बाऊल. बाऊलचं बूड पाण्याला टेकता कामा नये. तीनातले दोन हिस्से वितळलं की खाली उतरव, उरलेलं हलवता हलवता आपोआप वितळतं. वाफेचा एक थेंब जरी आत गेला तरी सगळं चॉकलेट रवाळ होऊन आळतं, मग साच्यात ओतता येत नाही. चमचासुद्धा पुसून घे.

साच्यात आधी रंगीत बडीशेप पेर. बाजारात चकचकीत सोनेरी मणी मिळतात, ते मला मुळीच आवडत नाहीत, लेकरांच्या दाताखाली खड्यासारखे लागतात. मग चॉकलेट ओत, साचा ओट्यावर हळू आपट म्हणजे बुडबुडे वर येतात. काडी ठेवलीस की जागच्या जागी गोल फिरव. काडीच्या चारही बाजूंनी चॉकलेट लागलं तरच ती धरून राहते, नाहीतर लेकरानं उचललं की काडी हातात आणि लॉलीपॉप खाली. पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. काढताना काडी ओढू नकोस, साचा मागून दाब. बोट लावलंस की ठसा उमटतो, तेव्हा काडीलाच धर.

फ्रीजमधून काढलेले लॉलीपॉप उघडे ठेवलेस तर त्यांना घाम सुटतो. बंद डब्यातच राहू देत, खोलीच्या हवेवर आले की मग उघड. आणि कूलरसमोर तर अजिबात नको, त्याची ओली हवा चॉकलेटवर बसते.

वरून फेटलेलं क्रीम लावायचा विचार असेल तर सोड. मार्च संपत आलाय, मेसच्या स्वयंपाकघरात भट्टी पेटलेली असते. दोनशे ग्रॅम कंपाउंडला शंभर ग्रॅम गरम फ्रेश क्रीम, एवढं गनाश कर. थंड झालं की सुरीनं थापता येतं आणि काडी घट्ट धरतं. उंच काड्या मागे, आखूड पुढे, निम्मी काडी तरी आत जाऊ दे. टूथपिक चुकूनही वापरू नकोस. जितकी लेकरं येणार तितके लॉलीपॉप, वर दोन जास्तीचे.

क्रीम नको म्हणते, त्याला कारण आहे.

२०१६ च्या एप्रिलात तू आठ वर्षांचा झालास. मांजरा धरण आटलं होतं, टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच आठवड्यात तुझा वाढदिवस. तू लॉलीपॉपचा केक मागितलास आणि मी तुझ्यावर ओरडले, "प्यायला पाणी नाही अन् तुला केक सुचायलाय?" तू काही बोलला नाहीस. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलास.

रात्री तू झोपल्यावर मी माठातलं वाटीभर पाणी घेऊन केक केला. सकाळीच क्रीम लावून काड्या खोचून ठेवल्या. दुपारी चारला लाइट गेली. सहाला लेकरं यायच्या वेळी बघते तर चॉकलेट काड्यांवरून घसरून क्रीमवर ओघळलेलं, दोन काड्या आडव्या पडलेल्या. केक बाहेर न्यायला माझा हात होईना. तू आत आलास, बघितलंस आणि म्हणलास, "आई, चमच्यानं खाऊ." आणि खाल्लाही सगळ्यांनी.

रात्री ओट्याखाली तू चॉकलेटचं पातेलं मांडीवर घेऊन बसला होतास. बोटानं कडेकडेनं पुसून खात होतास. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "हे धुवायला पाणी लागणार नाही."

दहा वर्षं झाली, हे मी तुझ्याजवळ काढलं नाही. पाण्याचा राग तुझ्यावर काढायला नको होता, बाळा. लेकरानं वाढदिवसाला केक मागितला, यात काय चुकलं होतं? केकच्या ऑर्डरी मी पुढच्या वर्षीपासून घ्यायला लागले, ते लोकांना पैशांसाठी वाटतं. पैसे आलेच. पण लॉलीपॉपचा केक घेऊन कुणी लेकरू दारातून बाहेर पडलं की मी वळणापर्यंत बघत राहते.

केक आदल्या रात्री करून ठेव, लॉलीपॉपही. काड्या मात्र ती मुलगी यायच्या अर्धा तास आधी खोच. सुरी घालायच्या आधी काड्या उपटून लेकरांच्या हातात दे.

गनाश थापायला घेतलंस की व्हिडिओ कॉल कर. चमचा उलटा धरून दाखव, पडतंय का ते मला बघू दे, मगच लाव.

तुझी
आई