‘अर्थसी’ पुन्हा वाचायला घेताना

पुणे,
२२ जून

प्रिय मुग्धा,

सप्रेम नमस्कार.

शाळेत वाचलेली अर्सुला ल ग्विनची ‘अर्थसी’, म्हणजे जादूगारांच्या द्वीपसमूहाची ती कादंबरीमालिका, पुन्हा वाचायची आहे, कुठून सुरू करू आणि आता ती तेवढीच आवडेल का, असं तू विचारलंस. आवडेल की नाही हे मी कसं सांगू? पण कशी वाचावी हे मात्र सांगू शकते, कारण ही पुस्तकं दुसऱ्यांदा वाचताना हमखास फसायच्या जागा ठरलेल्या आहेत.

आधी क्रम. प्रकाशनाचाच धर, दुसरा कुठलाही नको. १९६८ चं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९७१ चं ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, १९७२ चं ‘द फार्देस्ट शोअर’. मग एकदम १९९० मध्ये ‘टेहानू’, आणि २००१ मध्ये आधी ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह व मागोमाग ‘दि अदर विंड’. संग्रहातल्या काही कथा मालिकेचा नायक असलेल्या जादूगार गेडच्या जन्माच्या कितीतरी आधी घडतात, म्हणून काही जण त्या अगोदर वाचतात. तसं करू नकोस. त्या कथा म्हणजे पहिल्या पुस्तकांना दिलेली उत्तरं आहेत, आणि प्रश्नच ठाऊक नसताना उत्तर वाचून हाती काय लागणार?

शाळेत आपल्याला मिळाली ती पहिली तीनच. तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकात अठरा वर्षांचं अंतर आहे, आणि माझ्या मते या मालिकेची खरी गंमत त्या अंतरात आहे. त्या काळात ल ग्विन स्वतःच आपल्या पुस्तकांकडे परत गेली. आपण तरुणपणी काय गृहीत धरलं होतं, कुणाला बोलू दिलं आणि कुणाला गप्प बसवलं, हे तिने तपासलं. जुनी पानं खोडली नाहीत की बदलली नाहीत. त्याच जगात पुढची पुस्तकं लिहून त्या पानांना जाब विचारला. म्हणजे तू आता जे करणार आहेस, ते लेखिकेने तुझ्या आधी करून ठेवलं आहे.

प्रत कुठली घ्यायची? २०१८ चा एकत्रित खंड आहे, चार्ल्स व्हेसच्या चित्रांचा. त्यात सहाही पुस्तकं आणि सुट्या कथाही आहेत, चित्रं सुरेख आहेत. पण पानं हजाराच्या आसपास, त्यामुळे तो टेबलावर ठेवून वाचायचा ग्रंथ आहे. लोकलमध्ये किंवा अंथरुणात पडून वाचणार असशील तर सुटी पुस्तकं बरी. आणखी एक, मुखपृष्ठावर गोरा जादूगार असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की द्वीपसमूहातले बहुतेक लोक तांबूस-तपकिरी आहेत, गेडही तसाच, आणि त्याचा मित्र व्हेच तर काळासावळा. गोरे आहेत ते कार्ग, पहिल्याच प्रकरणात गावावर चाल करून येणारे. लहानपणी आपण हे वाचून पुढे गेलो, कारण गोष्टीतला जादूगार गोराच असणार हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं. १९६८ साली एका अमेरिकन लेखिकेने हे जाणूनबुजून केलं होतं. तरी पुढे किती मुखपृष्ठांनी आणि २००४ च्या टीव्ही मालिकेने गेडला गोरा करून टाकला. तिने त्यावर जाहीरपणे, रागाने लिहिलं, आणि ते योग्यच होतं.

आता नकाशा. तिने गोष्टीच्या आधी नकाशा काढला होता, म्हणून तो शोभेचा नाही. लहान आकाराच्या आवृत्तीत तो दोन पानांवर पसरतो, मधली बेटं शिवणीत अडकतात आणि कडेची वाचता येत नाहीत. त्याची मोठी झेरॉक्स काढून शेजारी ठेवायची. ईशान्येला गेडचं गॉन्ट, मधोमध आतल्या समुद्रात जादूगारांच्या शाळेचं रोक, उत्तरेला ऑस्किल, पार पश्चिमेला सेलिडोर. प्रत्येक पुस्तकाचा प्रवास वेगळ्या रंगाच्या पेन्सिलने आख. पहिल्यातली रेघ आधी सगळीकडे भरकटते आणि शेवटी पूर्वेला नकाशाबाहेर जाते. तिसऱ्यातली दक्षिणेला वळसा घालून पश्चिमेच्या टोकाला पोचते. दुसऱ्यात मात्र रेघ ओढायला जवळजवळ काही नाहीच, कारण ते अख्खं पुस्तक एका वाळवंटी जागेत, बरंचसं जमिनीखाली घडतं. तिथे पुस्तकातच छापलेला भुयारांचा आराखडा वापर.

पहिली चूक होते ती वेगाची. ‘विझर्ड’मध्ये दहाच प्रकरणं. दोन संध्याकाळीत संपतं, आणि मग माणूस म्हणतो, एवढंच होतं का? जाडजूड कादंबऱ्यांची सवय झालेल्या डोळ्यांना हे कोरडं वाटतं. संवाद थोडे, महिनेच्या महिने एका वाक्यात उरकलेले. याचं कारण असं की ही सांगितलेली गोष्ट आहे, पोवाड्यासारखी. गेड पुढे मोठा होणार हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलंय, त्यामुळे तो वाचेल की नाही हा प्रश्नच उरत नाही. यावर उपाय एकच, मोठ्याने वाच. एक प्रकरण वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसाला एकच. मनातल्या मनात सपाट वाटलेली वाक्यं जिभेवर आली की त्यांचा ठेका कळतो.

मग नावांकडे ये. प्रत्येकाला खरं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं. गेडचं लहानपणीचं नाव डनी, लोक म्हणतात स्पॅरोहॉक, आणि ‘गेड’ हे त्याच्या गुरूने, ओगियनने, त्याला तेराव्या वर्षी नदी ओलांडताना दिलेलं. खरं नाव ज्याला कळलं, त्याच्या हातात तो माणूस. इंग्रजी वाचकाला ही कल्पना शिकावी लागते, आपल्याला नाही. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, घरात हाक मारायचं आणखी वेगळं. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या ते उखाण्यातच. नावाला वजन असतं हे आपल्याला मुद्दाम सांगावं लागत नाही. म्हणूनच चौथ्या प्रकरणाचा उत्तरार्ध सावकाश वाच. रोकच्या शाळेत गेडने गर्वापायी एक घातक सावली मोकळी सोडली आहे, शाळेचा प्रमुख, महाजादूगार, त्यात गेला आहे, महिनोन्‌महिने अंथरुणात काढून गेड उठलाय, त्याच्या तोंडावर व्रण आहेत आणि त्याचा कुणावर भरवसा उरलेला नाही. व्हेच शिक्षण संपवून घरी निघालाय. जाताना तो, कुणी न मागता, आपलं खरं नाव गेडला सांगतो: एस्टॅरिओल. बस्स, एवढंच. लहानपणी हा निरोपाचा प्रसंग वाटतो. आता कळेल की एका माणसाने आपला जीव काढून दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवला आहे, तेही त्याची सगळी चूक माहीत असताना.

दुसऱ्या वाचनात टाके शोधायचे, म्हणजे एका पुस्तकातला धागा दुसऱ्यात कुठे निघतो ते. सगळ्यात सुंदर टाका आठव्या प्रकरणात आहे. सावलीचा पाठलाग करताना गेडची होडी फुटते आणि तो एका वाळूच्या दांड्यावर येऊन पडतो. तिथे म्हातारे भाऊबहीण राहतात, माणसाला घाबरणारे, जेमतेम बोलणारे. म्हातारी त्याला एक रेशमी, मोती जडवलेलं लहान मुलीचं झबलं दाखवते आणि मनगटातल्या कड्याचा एक तुटका तुकडा हातात देते. तो तिथल्या मचूळ झऱ्याचं पाणी मंत्राने गोड करून निघून जातो. लहानपणी हे पान आपण उलटलंच असणार, कारण सावली पुढे गेलेली असते. पण दुसऱ्या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या तुकड्यावर उभा आहे. ती दोघं कोण होती, त्यांना तिथे कुणी टाकलं, हे तिथे उलगडतं. ते कळल्यावर परत येऊन झबल्याचं पान वाच.

‘अटुआन’वर सर्वांत जास्त वेळ दे. यात गेड पाचव्या प्रकरणात येतो. लहान वाचक पहिली चार कशीबशी ढकलतात, आणि मोठेपणी तीच सर्वांत भरीव निघतात. सुरुवातीच्या दोन पानांत सफरचंदाच्या बागेत आई मुलीला हाक मारते आहे आणि बाप म्हणतो, जिला घेऊन जाणारच आहेत तिच्यात जीव कशाला गुंतवतेस. पुढे तिला थडग्यांची पुजारीण करतात, तिचं टेनार हे नाव काढून घेतात आणि तिला आरहा म्हणतात, म्हणजे खाल्ली गेलेली. तिसऱ्या प्रकरणात तीन कैदी आणले जातात. त्यांना कसं मारायचं हे तिने ठरवायचं असतं. ती ठरवते, अन्नपाणी तोडायचं. वय अजून कोवळं. लेखिका तिला वाईट म्हणत नाही आणि निर्दोषही म्हणत नाही; नंतर तिला स्वप्नं पडतात, जेवण जात नाही, एवढंच दाखवते. पोरीच्या हाती अधिकार दिला, पण तो फक्त मारण्याचा, हे लहानपणी कळणं शक्यच नव्हतं. थडग्याखालच्या भुयारात दिवा न्यायला बंदी आहे. ती हाताने भिंत चाचपत, वळणं मोजत वाट शिकते. तूही आराखड्यावर बोट ठेवून तिच्याबरोबर मोज. मग गेडच्या काठीचा उजेड पहिल्यांदा पडतो तेव्हा तो तिला पाप का वाटतो, ते अंगावर येतं.

इथे एक गोष्ट खास आपल्यासाठी. कार्ग लोक पुनर्जन्म मानतात. आरहाची निवडच आधीची पुजारीण मेली त्या रात्री जन्मली म्हणून होते. द्वीपसमूहातले शहाणे लोक मात्र मेल्यावर कोरड्या देशात जातात, जिथे तारे हलत नाहीत आणि एकमेकांवर प्रेम केलेली माणसं रस्त्यात समोरून ओळख न दाखवता जातात. पाश्चात्त्य वाचकाला कार्गांची समजूत रानटी वाटते, आपल्याला ती इतकी घरची की आपण तिच्याकडे बघतच नाही. दोघंही चुकतात. पेन्सिलने खूण करून ठेव: मेल्यावर काय होतं, याबद्दल कोण काय म्हणतो. शेवटच्या पुस्तकात या खुणा लागतील. त्याहून जास्त सांगत नाही.

तिसरं पुस्तक मधे रेंगाळतं, हे खरं आहे. पण लॉर्बानेरीचं प्रकरण सोडू नकोस. रेशीम विणणाऱ्यांचं आणि रंगाऱ्यांचं बेट, आणि तिथे कुणाला नीट रंग देता येईनासा झालाय. जगातून जादू जाते म्हणजे आकाशातून वीज पडत नाही, हातातली कला जाते, आणि लोक म्हणतात की ती कधी नव्हतीच. मोठ्या माणसाला याची भीती ड्रॅगनपेक्षा जास्त वाटते.

तिसरं संपलं की थांब. निदान पंधरा दिवस. ‘टेहानू’ लगेच उघडलंस तर चिडशील, खूप जण चिडले. महाजादूगार गेड शक्ती गमावून परत येतो, लपतो, शेळ्या राखतो. टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे, आणि तिच्या घरात लोकांनी जाळून टाकलेली एक पोर आहे. मोठी लढाई नाही. धुणं, शेळ्या, जेवलेलं ताट उचलणं बायकांचं काम समजणारा तिचा मोठा झालेला मुलगा, आणि संध्याकाळी दाराला कडी घालताना पोटात येणारा गोळा. पहिल्या पुस्तकात गॉन्टची म्हण आहे, बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते, आणि रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. १९६८ साली लेखिकेला त्यात खटकलं नव्हतं. १९९० मध्ये ती त्या म्हणीच्या घरात जाऊन राहते. या पुस्तकाला नेब्युला हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मोठा पुरस्कार मिळाला, पण मी ते पुरस्कारासाठी सांगत नाही. मालिकेतलं सर्वांत धाडसी पुस्तक ते आहे.

तुझ्या लेकाला वाचून दाखवणार असशील तर पहिली दोन दहाव्या-अकराव्या वर्षी चालतील, कैद्यांच्या प्रकरणात जवळ बस. ‘टेहानू’ मात्र नको. मुलीवर झालेला अत्याचार त्यात आडून येतो, पण खरा येतो.

‘टेल्स’मध्ये पाच कथा आहेत. ‘द फाइंडर’मध्ये रोकची शाळा मुळात कुणी उभी केली ते येतं. पहिल्या पुस्तकात ओगियनने भूकंप थांबवल्याची कीर्ती ऐकली होतीस ना? ‘द बोन्स ऑफ दि अर्थ’ वाच, मग त्या कीर्तीखाली कोण गाडलं गेलंय ते दिसेल. शेवटची ‘ड्रॅगनफ्लाय’ टाळलीस तर ‘दि अदर विंड’मध्ये एक बाई एकाएकी कुठून आली ते कळणार नाही.

आणि सगळं झाल्यावर ‘फायरलाइट’, काही पानांचीच, २०१८ मध्ये ल ग्विन गेल्यानंतर प्रसिद्ध झालेली कथा. त्यात म्हातारा गेड आहे आणि त्याची होडी लुकफार, मोतीबिंदू बरा केल्याबद्दल एका म्हाताऱ्याने त्याला दिलेली. ती होडी पहिल्या पुस्तकात कुठे मिळते ते पान आत्ताच दुमडून ठेव.

नकाशाची मोठी झेरॉक्स पाकिटात घातली आहे. शाईने खुणा करू नकोस. वाळूच्या दांड्यापर्यंत पोचलीस की लगेच कळव, त्या झबल्याबद्दल बोलायचं आहे.

तुझी,
शर्वरी