बारा वाजले, पण कुठले?

संपादक महोदय,
स. न.

गेल्या महिन्यात माझ्या मावशीची आणि काकांची रत्नागिरीची बस चुकली. पाचदहा मिनिटांनी नव्हे, चांगली चोवीस तासांनी! तिकिटावर होतं : 14 तारीख, 12.15 एएम. दोघं 14च्या रात्री जेवूनखाऊन, बोचकी सांभाळत सायनला उभी, आणि बस आदल्या रात्रीच निघून गेलेली. पैसे परत मिळाले नाहीत, कारण तिकिटात चूक काहीच नव्हती.

एएम म्हणजे 'अँटे मेरिडियम', पीएम म्हणजे 'पोस्ट मेरिडियम'. शब्द लॅटिन, अर्थ माध्यान्हीच्या आधी आणि माध्यान्हीनंतर. मग खुद्द माध्यान्हीचे बारा कशात धरायचे? रूढीने दुपारच्या बारांना पीएम म्हणतात नि रात्रीच्या बारांना एएम. 11 एएमनंतर तासाभरात 12 पीएम कसे वाजतात, हे माझ्या सहावीतल्या नातवाला मला अजून पटवता आलेलं नाही. (त्यातून मुंबईची माध्यान्ह बाराला होतच नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आपण त्र्याहत्तरच्या जवळ. सूर्य मध्यावर येईतो सरासरी 12.39 होतात. 1906 साली प्रमाणवेळ आली तरी या 39 मिनिटांसाठी मुंबईकर 'बॉम्बे टाइम'ला कितीतरी वर्षं चिकटून होते.)

'रात्री सव्वाबारा' लिहिलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं म्हणा. आपल्या लेखी रात्र ही आदल्या दिवसाचीच. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. शनिवारची शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटली तरी आपण तिला शनिवारचीच म्हणतो. मावशीनेही तोच हिशेब केला. रेल्वे निदान 00.15 लिहिते, ती दोन शून्यं बघून माणूस जरा थबकतो तरी.

बसवाल्यांनी सरळ '13 आणि 14च्या मधली रात्र, 12.15' असं छापावं. शाई फार जाणार नाही. आपल्या दैनिकातल्या कार्यक्रमांच्या सदरातही 'दु. 12', 'रा. 12' असंच यावं, ही विनंती.

परवा आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना होती : 'टाकी सफाई, पाणी 12 पीएमपर्यंत बंद.' तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी रात्रीपर्यंतच्या बेगमीने पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला. नळाला पाणी आलं दुपारी बाराला.

– एक वाचक, परळ, मुंबई