गोळ्यांचा हिशेब मांडायला लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

‘एवढी औषधं झाली, पण गुणच येत नाही,’ असं म्हणत नैराश्याच्या रुग्णाला घेऊन जे घर तुमच्या ओपीडीत येतं, त्याच्या हातात तुम्ही आधी एक कोरा कागद देता. औषधाचं नाव, सर्वांत मोठा डोस, त्या डोसवर काढलेले आठवडे, चुकलेल्या गोळ्या, किती गुण आला, बंद का केलं, असे सहा रकाने. त्या कागदाबद्दल आम्हा शुभंकरांकडून, म्हणजे रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांकडून, मनापासून आभार.

जुन्या चिठ्ठ्या काढून तो भरायला बसलं की बऱ्याच वेळा लक्षात येतं, उपचार फसलेले नसतात, ते पुरते झालेलेच नसतात. नैराश्याचं औषध एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅमवर तीन आठवडे, मग बदललं. तसंच दुसरं औषध सर्ट्रालीन 50 वर सुरू झालं आणि तिथेच राहिलं. गरज पडली तर ते 200 पर्यंत नेता येतं. दोन वेगवेगळी नैराश्याची औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे, न चुकता घेऊनही पुरेसा फरक पडला नाही, तरच ‘उपचारांना दाद न देणारं नैराश्य’ म्हणायचं, हे तुम्ही प्रत्येक घराला समजावता. हा शिक्का घाईने बसला की माणूस आशा सोडतो, म्हणून हा काटेकोरपणा आम्हाला मोलाचा वाटतो.

मग तपासण्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, बी-12, साखर. दारू किती, हे न ओरडता विचारता. रात्री जोरात घोरणं आणि दिवसभर पेंग असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी. टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे का, हेही. कारण त्याने यकृत काही औषधं लवकर संपवतं आणि रक्तातली पातळी उतरते. आणि नातेवाइकांना वेगळं बसवून विचारलेला तो प्रश्न: कधी सलग चार-पाच दिवस झोप तीन तासांवर, तरी अंगात जोर, बोलणं थांबेना, खर्च सुटलेला, असं झालं होतं का? रुग्ण स्वतः हे सांगत नाही, कारण त्याला ते बरे दिवस वाटतात. उत्तर ‘हो’ आलं तर आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति उत्साह असे दोन्ही टोकांचे काळ येणारा, असू शकतो, आणि उपचारांची दिशाच बदलते.

चालू औषधाला लिथियमची जोड देताना तुम्ही जे सांगता, ते प्रत्येक घरात भिंतीवर लावावं असं आहे. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, कॅल्शियम. डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी रक्तातली लिथियमची पातळी, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर 12 तासांनी. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच. आधी गोळी घेतली की आकडा खोटाच वर दिसतो आणि डोस विनाकारण कमी होतो. जोड म्हणून देताना तुमचं लक्ष्य साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर. कडक उपास, वारीतलं उन्हातलं चालणं, जुलाब, अचानक मीठ तोडणं, अंगदुखीला मनानेच घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, या सगळ्यांत पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल गेला, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना.

एरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाची जोड दिलीत तेव्हा पाय स्वस्थ न बसणं हा दुष्परिणाम असतो, आजार वाढलेला नसतो, हेही आधीच सांगितलंत. नाहीतर घाबरून औषध बंद होतं.

ईसीटीच्या, म्हणजे मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचाराच्या, नावाने घरं हादरतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आहे, हे तुम्ही सांगता; बहुधा 6 ते 12 वेळा, आठवड्यात दोन-तीनदा. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, काही परतत नाहीत, हेसुद्धा लपवत नाही. म्हणून तुमच्या सांगण्यावर विश्वास बसतो. ईसीटीने बरं वाटलं की औषधं थांबवायची नाहीत, नाहीतर आजार काही महिन्यांत उलटतो, हे तुम्ही दोनदा सांगता आणि ते दोनदाच सांगायला हवं.

समुपदेशनाला तुम्ही कधी शोभेची गोष्ट मानलं नाही. गोळ्यांनी गुण न आलेल्या 469 जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात, औषधांसोबत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) घेतलेल्यांपैकी 46 टक्के लोकांची लक्षणं सहा महिन्यांत निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. फक्त नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत 22 टक्के.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य किती ते मोजणारी नऊ प्रश्नांची यादी, भरायची सवय तुमचीच. 27 पैकी 21 वरून 15 वर आलेल्या माणसाला स्वतःला काहीच फरक जाणवत नाही; आकडा दाखवला तर तो औषध सोडत नाही. पाचच्या खाली येईपर्यंत तुम्हीही थांबत नाही.

त्यातल्या नवव्या प्रश्नावर शून्याखेरीज काही आलं, तर त्याच दिवशी सरळ शब्दांत विचारायचं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत, हे तुम्ही आम्हाला पटवलंत. गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच, किल्ली घरच्यांकडे, शेतातली फवारणीची औषधं घराबाहेर कुलुपात, माणसाला एकटं सोडायचं नाही, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416. हे सगळं तुम्ही स्वतःच्या अक्षरात, मोठ्या टायपात लिहावं तसं, प्रत्येक घराला लिहून देता, बाहेर रांग कितीही असली तरी. त्या वेळेबद्दल तुमचे फार फार आभार.

आपले,
शुभंकर गटातले आम्ही सगळे