‘म्हणजे काय?’ विचारणारा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॉडकास्टवर लेख आला होता. पॉडकास्ट हे तरुण पोरांचं, प्रवासात ऐकायचं प्रकरण, असा त्याचा सूर. मी 56 वर्षांची, डिचोलीत ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. दिवसाचे आठ तास हातपाय मशीनवर, डोळे टिपेवर. मोकळे ते फक्त कान. तीस वर्षं त्यांत पणजी आकाशवाणी होती. दोन वर्षांपूर्वी भाच्याने पॉडकास्ट लावून दिले, तेव्हापासून दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाईल बोलत असतो. शिंप्याइतका वेळ ऐकणारं गिऱ्हाईक दुसरं कुठलं मिळणार?

विज्ञानाचे बरेच ऐकले आणि बहुतेक पाच मिनिटांत बंद केले. दोन शिकलेली माणसं ‘सो बेसिकली’ करत एकमेकांशी बोलतात, आपल्याच विनोदाला हसतात, आणि आपण जिथे अडतो तो शब्द दोघांनाही आधीच ठाऊक असतो. मग विचारणार कोण?

चवथीच्या आधी, ऐन गर्दीत, एक भाग मात्र असा लागला की मी डावी बाही उजव्या मुंढ्याला जोडून बसले. (गिऱ्हाइकाची माफी मागून झाली आहे.) विषय आपलाच समुद्र. सांगणारे एक संशोधक, आणि विचारणारा मुलगा खरोखरच कोरा. संशोधक म्हणाले, ‘अपवेलिंग’. म्हणजे काय? खोल पाणी वर येतं. का येतं? पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं, ती जागा भरायला खालचं थंड पाणी चढतं. मग बिघडलं कुठे? त्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, पण खत भरपूर. त्यावर बारीक शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं. त्यात पावसाचं नि नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते दुधावर साय धरावी तसं वर पसरतं आणि हवा खाली पोचू देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात हे टोकाला जातं. काही वर्षी तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं कांदोळीसमोर त्याच त्या ठिकाणी वर्षानुवर्षं जाऊन हे पाणी तपासत आली आहेत. जन्म गोव्यात गेला, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मासेवाली पाटी टेकवून बसली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला हे सांगायला घेतलं. तिने बांगडे मोजता मोजता मान वर न करता म्हटलं, “तळाचें उदक कुसलें की नुस्तें वयर येता. रापणकारांक हें खबर आसा.” (तळाचं पाणी कुजलं की मासे वर येतात. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांना हे ठाऊक आहे.) माझी ऐट तिथेच संपली.

संशोधकाला मोजमापं ठाऊक, हिला रापणकारांचं ऐकून ठाऊक, आणि दोघांची आजवर गाठ नाही. पॉडकास्टमध्ये तिला कुणी बसवलेलं मी ऐकलेलं नाही.

‘म्हणजे काय?’ विचारणारा समोर हवा, हे काही नवीन मागणं नाही. पणजीत चर्चच्या पायथ्याशी जी बाग आहे ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. हा पोर्तुगीज वैद्य. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. विद्वानांची लॅटिन सोडून त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, आणि तेही सगळं संवादात. रुआनो नावाचा कल्पित पाहुणा शंका काढतो, ओर्ता उत्तरं देतो, मधेच अँटोनिया नावाची दासी वस्तू आणून पुढे ठेवते. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला अँटोनियाच जास्त आवडली.

माझे वडील काल्यात, म्हणजे जत्रेतल्या नाटकात, वेद चोरणारा राक्षस संकासुर करायचे. काळा झगा, लाल जीभ, आणि नाईकाला, म्हणजे सूत्रधाराला, अडाण्यासारखे आडवेतिडवे प्रश्न. लोक पोट धरून हसत, पण त्या उत्तराउत्तरांतून वेद चोरल्याची कथा शेवटच्या रांगेतल्या पोरालाही पाठ होई. विज्ञानवाल्यांनी एखादा संकासुर शोधावा. आपल्याकडे जत्रांच्या नाटकांत प्रत्येक गावात दोन-तीन सापडतील, मानधनही फार मागणार नाहीत.

तोवर दोनापावलाहून कुणाला यायचं असेल तर बुधवारी अकराच्या सुमारास रेकॉर्डर घेऊन माझ्या दुकानात यावं. मासेवाली त्याच वेळी येते. सोमवारी येऊ नये, सोमवारी ती पाटी उचलत नाही. मशीन मी तेवढा वेळ बंद ठेवीन.

– एक शिंपीण वाचक, डिचोली