फ्लॅप राहिले म्हणालीस, त्यावरून

अजनी, नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस, टच अँड गोमध्ये, म्हणजे विमान टेकवून न थांबता परत उडताना, फ्लॅप वर घ्यायचे राहिले, शिकवणाऱ्या सरांनी हात घातला म्हणून निभावलं. आई "बरं झालं बाई" म्हणाली. मला मात्र झोप लागली नाही. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा. त्या पूर्ण खाली सोडलेल्या असताना तुझं सेसना विमान धावपट्टी सोडतं खरं, पण वर चढायला त्याच्यात जोर उरत नाही. एकटी असतीस तर?

वर म्हणालीस, "बाबा, चेकलिस्ट पाठ आहे हो." तेच मला खुपलं. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट गस्ट लॉक न काढताच धावलं. उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावतात ते लॉक. विमान उचललंच नाही, धावपट्टीच्या पुढे जाऊन पेटलं. सातही जण गेले. दोघे पायलट चांगले अनुभवी होते, पण त्यांच्या आधीच्या १७५ उड्डाणांत कंट्रोल पूर्ण हलवून बघितले होते फक्त दोनदा! डेट्रॉइटला १९८७ मध्ये तर उलटं झालं, उडायला थोडे फ्लॅप खाली लागतात ते न लावताच विमान निघालं. टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाची, चेकलिस्ट झालीच नव्हती. १५६ माणसं गेली.

मी एकतीस वर्षं रेल्वेच्या इंजिनवर काढली. समोर सिग्नल दिसत असतो, तरी असिस्टंट हात करून मोठ्याने बोलतो आणि मीही बोलतो. सुरुवातीला लाज वाटायची. एकदा आमल्याच्या अलीकडे मी "हिरवा" म्हणालो आणि होता पिवळा. डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, तोंडाने सवयीचा शब्द काढला. असिस्टंट पोरगा नवीन होता, तरी ओरडला. त्याचे उपकार मी अजून मानतो. म्हणून सांगतो, नुसतं बोलू नकोस. फ्लॅपच्या लिव्हरला हात लाव, मान वळवून पंखाकडे बघ, मग बोल.

टच अँड गोमध्ये तेवढा वेळ मिळत नसेल तर सरांना स्पष्ट सांग आणि फुल स्टॉप कर. पूर्ण थांब, टॅक्सी करून परत ये. उड्डाणाचे चार तास जास्त लागले तर पैशाचं मी बघतो, त्याची काळजी तू करू नकोस.

रविवारी संध्याकाळी फोन कर. चेकलिस्टचा कागद हातात घेऊन बस. तू एकेक ओळ वाच, मी असिस्टंटसारखी उत्तरं देतो.

तुझे,
बाबा