नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र: जुनं घर पाडायचं नाही, राहायचंय त्यात

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी कोल्हापुरातनं लिहितेय, शिवाजी पेठेतनं. आमचा बंगला सासऱ्यांच्या वडिलांनी बांधला, माडीच्या तुळईवर १९२६ कोरलंय. खाली काळा दगड, वर सागवानी माडी, मंगलोरी कौलं, पुढं सोपा म्हणजे ओसरी. दोन वर्षं झाली आम्ही तो नीट करून घेतोय, हॉटेल काढायला नाही, भाड्यानं द्यायला नाही, राहायला. मला मॉड्युलर किचन पाहिजे, सासूबाईंना कमोड पाहिजे, पोराला अभ्यासाला खोली पाहिजे, आणि घर मात्र हेच पाहिजे. एवढंच मागणं आहे पण ते कुठल्याच फॉर्ममध्ये बसंना म्हणून हे पत्र.

आधी भिंतीचं सांगते, कारण आमचं सगळं नुकसान तिथंच सुरू झालं. दहा वर्षांपूर्वी आतल्या खोलीला लोणा लागला होता, कंत्राटदार म्हणाला जुना चुना खरवडून सिमेंट मारू, वर पुट्टी, वर प्लास्टिक पेंट, वीस वर्षं बघायला नको. एका पावसाळ्यात पुट्टीला पापडासारखे फोड आले, बोट लावलं की खाली मिठासारखी पांढरी पूड. दगडी भिंत जमिनीतनं ओल ओढते, चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही, मग ती आतल्या आत वर चढत जाते आणि आमच्यात ती चढत चढत तुळईचं टोक भिंतीत बसलंय तिथंवर गेली. ते टोक उघडलं तेव्हा सागवान चहात बुडवलेल्या टोस्टासारखं हातात आलं, मी तिथंच खाली बसले.

मग चुन्याचा गवंडी शोधायला लागलो. चुना भिजत घालायचा, मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं, हे सगळं येणारा सत्तरीचा एक माणूस पन्हाळ्याकडं सापडला. गुळाच्या गावात चुन्यात गूळ घालणारा माणूस शोधायला आम्हाला सहा महिने लागले. त्यांच्या हाताखाली शिकणारं कोणी नाही, पोरगा पुण्यात कंपनीत आहे.

नवीन मटेरियलला माझा अजिबात विरोध नाही हे पण सांगते. माडीवर बाथरूम केलं तर विटांची भिंत न घेता लोखंडी फ्रेमवर सिमेंट बोर्ड लावले, जुन्या तुळयांवर वजन नको म्हणून, आणि पाइप उघडे ठेवले म्हणजे गळालं तर त्याच दिवशी दिसतं. किचनचं प्लायवूड भिंतीला चिकटवलं नाही, दोन इंच सोडलेत, वारं फिरतं. फॉल्स सीलिंग सगळ्यांनी सांगितलं, नाही केलं, वर वाळवी लागली तर कळणार कसं? वायरिंग सगळं नवीन, धातूच्या पाइपातनं, लाकडाला कुठं चिकटून नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही बघितलंय, शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर ते, त्यानंतर जुन्या लाकडाजवळ साधी वायर बघितली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

हे सगळं आम्ही चुकत चुकत, पैसे घालवून शिकलो. विचारायला जागाच नव्हती. एका ऑफिसात तुळई बदलायची आणि बाथरूम वाढवायचं म्हणून गेलो तर समोरचे साहेब म्हणाले, वहिनी, पाडून नवीन बांधा, लगेच करून देतो, हे दुरुस्तीचं लांबत जाईल. खरंच लांबलं, अकरा महिने. बँकेत गेलो तर जागेची किंमत धरली, बांधकामाची शून्य. जी भिंत मला बाहेर ४० डिग्री असताना आत थंड ठेवते तिची किंमत शून्य.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हेरिटेजसाठी तरतुदी आहेत, पण त्या यादीतल्या इमारतींसाठी. आमच्यासारखी घरं यादीत नाहीत, पेठापेठांत अशी घरं आहेत आणि दरवर्षी एखाद्याच्या जागेवर पार्किंगवाली बिल्डिंग उभी राहते. माझं म्हणणं एवढंच की जो माणूस आपलं जुनं घर राखून त्यातच राहणार आहे त्याला पाडणाऱ्यापेक्षा परवानगी लवकर मिळू दे. प्रत्येक महापालिकेत एक जाणकार माणूस बसवा जो घरी येऊन सांगेल की इथं सिमेंट नको, इथं बोर्ड चालेल, हे लाकूड अजून चांगलं आहे. आणि आयटीआयमध्ये चुन्याचं काम शिकवायला घ्या, ते तुमच्या खात्यात येत नसेल तर ज्यांच्या येतं त्यांच्याशी बोला, पन्हाळ्याचे काका आहेत तोवरच.

आमचा न्यू पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला, खाली म्युझियम आहे आणि वर छत्रपतींचं घराणं राहतं. रोज दिवा लागतो, खिडक्या उघडतात, गळालं तर कुणाला तरी दिसतं. आम्हाला आमच्या घरात तेवढंच करायचंय.

कोल्हापूरला आलात तर पावसाळ्यात या साहेब. त्या आतल्या खोलीची निम्मी भिंत अजून सिमेंटचीच आहे, पैसे संपले म्हणून राहिलीय, निम्मी चुन्याची झालीय. एक हात इकडं ठेवा, एक तिकडं. मग सोप्यात बसून चहा घेऊ आणि फायलीचं बोलू.

आपली,
शिवाजी पेठेतली एक रहिवासी