दिवाळीची पोस्त: रोखच

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, वॉचमन, लिफ्टमन आणि सफाई कामगारांची पोस्त यंदाही रोखच दिली जाईल. मॉलमधल्या दुकानाची गिफ्ट कार्डं द्यावीत, असं काही जणांचं म्हणणं होतं. कार्ड दिसतं छान, पण ते त्याच दुकानात चालतं आणि मुदत उलटली की बहुधा वाया जातं. बँकेचं गिफ्ट कार्ड जास्त ठिकाणी चालतं. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते १०,००० रुपयांपर्यंतचंच मिळतं आणि त्यातून रोख काढता येत नाही. आपल्या वॉचमनला गावी पैसे धाडायचे असतात. मॉलचं कार्ड घेऊन तो काय करणार?

वर्गणी घरटी ५०१ रुपये, वसुबारसेच्या आत खजिनदारांकडे द्यावी. वरचा रुपया सुटा आणा, दरवर्षी तोच कमी पडतो! जीपे केलंत तर फ्लॅट नंबर लिहा. पाकिटं कमिटी आणेल.

लग्न-मुंजीत कार्ड द्यायचं की पाकीट, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कार्ड देणार असाल तर मुदत तेवढी बघून घ्या.

– सेक्रेटरी